आईपणाची मुदत अठरा वर्षे

सेरेब्रल पाल्सी (सीपी) म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला झालेली इजा. ती पुढे वाढत नाही, बरीही होत नाही. हे डॉक्टरांना ठाऊक, आईला ठाऊक, शेजारपाजारच्यांना तर जरा जास्तच ठाऊक. सरकारदरबारी मात्र पुन्हा पुन्हा खात्री करून घ्यावी लागते. न जाणो, मधल्या काळात पोरगा धावायला लागला असला तर!

समजा, भाट्यातली एक आई मुलाला घेऊन निघाली आहे. पूल ओलांडला की रत्नागिरी आलीच. आधार केंद्रावर बोटांचे ठसे द्यायचे आहेत. सीपीच्या मुलाची मूठ घट्ट मिटलेली, अंगठा आत. आई एकेक बोट हलक्या हाताने सोडवते, काचेवर टेकवते. मशीन 'टुंई' करतं, पोरगा दचकतो, मूठ पुन्हा बंद. "मावशी, त्याला जरा सहकार्य करायला सांगा." ठसे देता येत नाहीत अशांसाठी आधारच्या नियमांत सूट आहे. समोरच्याला ती ठाऊक नाही, एवढीच काय ती अडचण.

पुढे अनुदानासाठी उत्पन्नाचा दाखला. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान दिव्यांगांसाठी 2025 मध्ये दीड हजाराचं अडीच हजार झालं, हे खरं. पण परड्यात चार माड उभे असले की पाहणाऱ्याला श्रीमंती दिसू लागते. त्यातून गावातच नारळ संशोधन केंद्र! माड म्हणजे काय कमाई असते, हे इथे सगळ्यांना शास्त्रोक्त माहीत.

'निरामय' या आरोग्य विम्यात वर्षाला लाखापर्यंतचा खर्च मिळतो, थेरपीसुद्धा बसते. फक्त पैसे आधी आपण भरायचे, बिलं जपायची, मग मागायचे. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला पैसे मिळण्यासाठी आधी पैसे लागतात. आयकरातही पालकाला 75 हजारांची वजावट आहे, अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. ती जुन्या करपद्धतीत. नवी पद्धत सुटसुटीत केली, त्यात ही वजावटही सुटली.

याच वजावटीच्या आधारावर मुलासाठी विमा काढायचा, तर पूर्वी अट अशी की वर्षासन आईबाप वारल्यावरच सुरू व्हावं. बाप जिवंत असेतो मुलाला पैशांची गरज नसते, हा त्यामागचा कौटुंबिक जिव्हाळा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2019 मध्ये न्यायालयाने सरकारला विचार करायला सांगितलं आणि सरकारने तो केलाही. 2022 पासून पालक साठीचे झाले की जिवंतपणीच वर्षासन घेता येतं. मरणावरून साठीवर आलो, प्रगतीच म्हणायची.

पण खरी गंमत अठराव्या वाढदिवसाला. आदल्या दिवसापर्यंत जी आई भरवत होती, कूस बदलत होती, ती कायद्याने तिऱ्हाईत होते. मुलगा सज्ञान झाला, आता सही त्याची. "त्याला घेऊन या, सही करेल," म्हणतात बँकेत. मग 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली तिने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा: मला माझ्या मुलाचा पालक नेमा. नेमलं की सहा महिन्यांत त्याच्या स्थावर मालमत्तेची यादी आणि देण्याघेण्याचं निवेदन सादर करायचं, शिवाय दर आर्थिक वर्षाचा जमाखर्च. इस्टेट लुबाडणारे नातेवाईक असतात, तेव्हा हा बंदोबस्त हवाच. इथे लुबाडण्याजोगं काय आहे? एक चाकाची खुर्ची, पायात घालायचे बूट आणि निरामयच्या बिलांची फाइल.

ज्यांचं मूल सतरा पूर्ण करतंय, त्यांनी कागद आत्ताच जमवायला घ्यावेत. समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी बसावं, असं त्याच कायद्यात लिहिलं आहे. आपल्या जिल्ह्यात ती शेवटची कधी बसली, हे माहितीच्या अधिकारात 10 रुपयांत विचारता येतं.