रिंगणात कडेची सावली

तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून निघाली, की काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्या पालखीभोवती धावतात. पुढे बेलवाडीत गोल रिंगण, इंदापुरातही रिंगण. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या आज्या धावतात, विणेकरी धावतात, मग अश्व सुटतात. एरवी घराचा जिना चढताना गुडघ्याच्या नावाने बोटे मोडणारी माणसे इथे अशी पळतात, की डॉक्टरांवरचा विश्वास उडावा.

या पळण्याची गंमत अशी, की गोलात कुणी कुठे पोचत नाही. पहिला कोण, शेवटचा कोण, प्रश्नच नाही. म्हणजे सावकाश चालणाऱ्याला यापेक्षा सोयीची शर्यत दुसरी नाही! तरी तीनचाकीवर आलेल्या वारकऱ्याला आपण मोठ्या प्रेमाने कडेच्या सावलीत नेऊन बसवतो. "माउली, हितनं झ्याक दिसतंय." त्यांना बघायचे नसते, टाळ कुटायचा असतो. त्यातच एखादा भाविक त्यांच्या मांडीवर दहाची नोट ठेवून जातो. वारीत आपण पाया पडलो की समोरचाही आपल्या पाया पडतो. हिशेब तिथल्या तिथे फिटतो. नोटेचा फिटत नाही.

कूर्मदासाची कथा आपल्याला पाठ असते. हातपाय नसलेला हा भक्त पैठणहून सरपटत निघाला, माढा तालुक्यातल्या लऊळला पोचून थकला, आणि विठ्ठलच तिथे भेटीला आला. कीर्तनात देव आला की मंडळींचे डोळे भरून येतात. मला मात्र त्याचे घरून निघणे जास्त आवडते. "तू कशाला त्रास घेतोस? आम्ही प्रसाद आणतो की," असे शेजारीपाजारी म्हणाले नसतील, तर ते शेजारी मराठी नव्हेत.

पंढरपुरात नामदेवांनी महाद्वाराच्या पायरीची जागा आपणहून मागून घेतली. चाकाच्या खुर्चीवरच्या भक्ताला ती गावोगावच्या देवळांत न मागता मिळते.

तेव्हा मांडव घालणाऱ्या बारामती-इंदापूरकरांनो, पुढच्या वारीला पायऱ्यांशेजारी एक उतार करा. आणि रिंगण लागण्याआधी त्या तीनचाकीवरच्या माउलींना एवढेच विचारा, आत यायचंय का? नको म्हणाले, तर सावली आहेच.