दोर, शक्यतो मॅचिंग

अडकलेली गाडी ओढणाऱ्या विंचसाठी सिंथेटिक दोर घ्यायला निघालेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: केशरी घेऊ की निळा? जीपला शोभेल असा रंग सापडला की सुरक्षिततेचा विषय मिटला. दोर कशाचा आहे, असं विचारणारा माणूस दुकानदारालाही संशयास्पद वाटत असावा.

विचारायचं मात्र तेच असतं. चांगला दोर डायनीमासारख्या अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचा, बारा पेडांनी विणलेला असतो. वजनाला हलका, पाण्यावर तरंगणारा. तुटलाच तर पोलादी तारेसारखा सपकन अंगावर येण्याचा धोका कमी. कमी, शून्य नव्हे. पण दोराजवळ उभं राहून मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या मंडळींना हा फरक सांगणार कोण? शिवाय हा बहाद्दर साधारण १४५ अंश सेल्सिअसला वितळतो, आणि ताकद त्याच्या बरीच आधी सोडतो. कितीतरी विंचांचा ब्रेक दोर गुंडाळायच्या ड्रमच्या पोटात असतो. दोराला लटकवून गाडी उतारावरून हळूहळू खाली सोडा, ड्रम आतून तापतो आणि सगळ्यात आतला थर गुपचूप भाजून निघतो. वरून रंग तस्साच!

पाकिटावरचा टनांचा आकडा दोर तुटण्याचा असतो, निर्धास्त ओढण्याचा नाही. त्यात कुणीतरी हौसेनं गाठ मारतो, म्हणजे निम्मी ताकद तिथेच गेली. आणि एवढा महागडा दोर ओवायचा कशातून? जुन्या पोलादी तारेनं चरे पाडलेल्या रोलरमधून. रोलरऐवजी बसणाऱ्या गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियम फेअरलीडचे पैसे बंपरवरच्या दिव्यांत गेलेले असतात.