चालू ब्रँड घ्यावा कसा

आधी मनाशी एक पक्कं करा: धंदा स्वतः उभा करायचा नाही. कापड आणा, कारागीर सांभाळा, पहिल्या शंभर गिऱ्हाइकांच्या शिव्या खा, हे सगळं दुसऱ्याने करून ठेवलेलं असताना आपण कशाला हात काळे करा? 2021 साली शहाण्यासुरत्या कंपन्यांनीही हेच ठरवलं. मेन्सा ब्रँड्स त्याच वर्षी निघाली आणि ऑनलाइन ब्रँड विकत घेत घेत सहा महिन्यांत एक अब्ज डॉलरच्या मोलाची झाली. याच धंद्यातली अमेरिकेची थ्रासियो फेब्रुवारी 2024 मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. पहिली गोष्ट विकणारा सांगेल. दुसरी तुम्ही सांगायची, भाव पाडताना.

खरेदीसाठी बदलापूर लोकल धरा आणि उल्हासनगरला उतरा. लेबलाची किंमत उल्हासनगरला सगळ्यांच्या आधी कळली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंधी कुटुंबांनी शून्यातून ही बाजारपेठ उभी केली, आणि मालावर 'मेड इन यूएसए' छापून यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन अशी सोय करून ठेवली, असं सांगतात. हल्ली यालाच ब्रँडिंग म्हणतात आणि ते शिकायला फी पडते.

समजा, जीन्सचा ब्रँड बघायला तुम्ही कॅम्प पाचमधल्या एका गाळ्यात शिरलात. शेठ कटिंग चहा मागवतील आणि लॅपटॉपवर विक्रीचा आलेख दाखवतील. तो चढत चढत दिवाळीला पोहोचतो आणि तिथेच थांबतो. "पुढचे महिने?" असं विचारलंत की बिस्किटं येतील. ती खा आणि पोटमाळ्यावर चढा. शिडी डुगडुगते, तरी चढा. वर परत आलेल्या मालाची पोती असतात. तीन साइझ मागवून दोन परत करणारं गिऱ्हाईक, घडी मोडताच हळद लागलेली पॅन्ट, खोक्यात जीन्सऐवजी परत आलेला जुना टॉवेल. ब्रँडचा खरा ताळेबंद तो हाच. शेठ खालून ओरडतील, "साहेब, वर काही नाही, धूळ आहे नुसती!" पोती मोजूनच उतरा.

फेसवॉशचा ब्रँड घेत असाल तर पोटमाळा नको, बाटली उलटी करा. निर्मात्याचा पत्ता आणि लायसन्स नंबर छापणं कायद्याने भाग आहे, म्हणून तो मुंगीच्या अक्षरात असतो. भिंग न्या. शेजारच्या दोन ब्रँडच्या बाटल्याही उलट्या करा. तीन नावं, तीन वास, तीन भाव आणि अंबरनाथ एमआयडीसीतला एकच पत्ता निघाला, तर दचकू नका. प्रायव्हेट लेबल म्हणतात ते यालाच. बाटली कारखान्याची, आतला फेस कारखान्याचा. तुम्ही लाखो रुपये मोजताय ते स्टिकरचे.

तेव्हा निदान स्टिकर तरी शेठचं आहे का, ते बघा. नावापुढे टीएम कोणीही लावू शकतो. नोंदणी झालेली असेल तर ती दहा वर्षांची असते, आणि पुष्कळदा वहिनींच्या नावावर. म्हणजे वाटाघाटी नव्याने, आणि वहिनी हिशेबाला पक्क्या.

जीएसटी नंबर मात्र सौद्यात मिळत नाही. त्या पंधरा अक्षरांत मधली दहा पॅनची, आणि शेठचा पॅन शेठबरोबरच राहणार. तुम्ही नवा नंबर काढा. ब्रँडबद्दलच्या ऑनलाइन पाच ताऱ्यांच्या प्रतिक्रिया वाचायच्याच असतील तर शेठच्या घरच्या लग्नपत्रिकेतली 'आपले नम्र' ही यादी शेजारी ठेवून वाचा.

आता शेवटचं कलम. पैसे हातात पडताच शेठने पुन्हा तोच धंदा थाटू नये, असं लिहून घ्या. 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 असली बंदी एरवी मानत नाही, पण नावलौकिकासकट धंदा विकला असेल तर मानतं. अट एवढीच की हद्द ठरवावी लागते, आणि तीही वाजवी. आता इंटरनेटवर हद्द कुठली आखणार? 'उल्हासनगर' लिहाल तर शेठ अंबरनाथला गाळा घेतील. अंबरनाथ जोडाल तर बदलापूर आहेच. 'अखिल भारत' लिहिलंत तर शेठ लगेच सही करतील, कारण नवा ब्रँड भाच्याच्या नावावर कधीच सुरू झालेला असेल. दोन वर्षांनी तोही विक्रीला निघेल. नंबर घेऊन ठेवा.