एडिसनहून पत्र : तुंबणाऱ्या कमोडाची मीमांसा

तीर्थरूप आई व बाबा यांच्या चरणी एडिसन, न्यू जर्सी येथील मंडळींचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

वरच्या मजल्यावरील कमोड वरचेवर का तुंबतो, या विषयावर फोनवर झालेल्या चर्चेत पुण्याहून दोन मते मांडली गेली : सूनबाईंच्या स्वयंपाकात पालेभाजी कमी असते हे एक, आणि बादलीभर पाणी भसकन ओतले की काम होते हे दुसरे. यांपैकी पहिले मत येथे एकमताने फेटाळण्यात आले असून, स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने मतदानात भाग घेतला होता. दुसरे मत मात्र वरकरणी दिसते त्याहून शास्त्रशुद्ध आहे.

पुण्याच्या घरातील कमोडात वरून येणारे पाणी मळाला रुंद वाटेने ढकलून देते. अमेरिकेतील भांडे बहुधा सायफनवर चालते, म्हणजे भांड्यामागे चिनी मातीतच घडवलेली नागमोडी वाट पाण्याने काठोकाठ भरली, की पलीकडे उतरणारे पाणी अलीकडचे पाणी मळासकट ओढून नेते. ही वाट जेमतेम दोन इंचांची असते, आणि ती भरण्याइतके पाणी एका दमात मिळाले नाही तर सायफन सुरूच होत नाही. भांड्यात नुसती भोवऱ्यासारखी गिरकी दिसते आणि जे जायचे ते तेथेच राहते. बादली हा दम बाहेरून पुरवते, म्हणून बाबांचा उपाय लागू पडतो. अट एवढीच की पाणी आधीच काठापर्यंत चढलेले नसावे. कारण येथील न्हाणीघरात नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरचे पाणी वाहून नेणारा जाळीखालचा निचरा, सहसा नसतो. जमीन लाकडी असते, आणि तिच्या खाली जेवणाच्या खोलीचे छत असते.

पाणी अपुरे पडण्यास कायद्याचाही हातभार लागला आहे. पूर्वी येथे एका फ्लशला साडेतीन गॅलन, म्हणजे सुमारे १३ लिटर, पाणी लागे. १९९२च्या ऊर्जा धोरण कायद्यान्वये १९९४पासून नव्या घरगुती कमोडांना १.६ गॅलन, म्हणजे सुमारे ६ लिटर, ही मर्यादा आली. अनेक उत्पादकांनी पाणी कमी केले पण भांड्याची घडण जुनीच ठेवली, आणि घराघरांत प्लंजर बाहेर निघाले. पुढे २००३पासून सोयाबीनच्या लगद्याचे वजन केलेले गोळे भांड्यात टाकून, एका फ्लशमध्ये किती ग्रॅम वाहून जातात याची रीतसर परीक्षा होऊ लागली, आणि त्यानंतर भांडी खरोखर सुधारली. (नातवाने या परीक्षकाची नोकरी धरण्याचा मनोदय जाहीर केला आहे, त्याची समजूत काढण्याचे काम आजोबांकडे सोपवण्यात येत आहे.) या घरातील भांडे दुर्दैवाने त्या सुधारणेपूर्वीचे आहे.

तथापि सगळा दोष भांड्याच्या माथी मारता येत नाही. एकच कमोड तुंबत असेल तर अडथळा बहुधा त्याच्यातच असतो. परंतु वर फ्लश करताच तळमजल्यावरील टबातून गुडगुड ऐकू येऊ लागली, तर घरापासून रस्त्याखालच्या मलवाहिनीपर्यंत जाणारा मुख्य पाइप संशयित ठरतो. हा आवाज ऐकू आल्यावर प्लंबरने लांब तारेला बांधलेला कॅमेरा पाइपात सोडला, आणि जुन्या, भाजलेल्या मातीच्या पाइपाच्या सांध्यांतून आत शिरलेली मुळे पडद्यावर दिसली. पाइपाच्या सांध्यांतून झिरपणाऱ्या ओलाव्याच्या मागे झाडाची मुळे जातात, आणि त्यांच्या जाळ्यात कागद अडकत जातो. तपासाअंती हे झाड अंगणातील मेपल निघाले. गेल्या ऑक्टोबरात लालभडक झालेल्या त्याच मेपलचे छायाचित्र आईंनी फोनच्या पडद्यावर लावून सोसायटीतील सर्वांना दाखवले होते.

मुळे कापून झाली आहेत, तरी ती पुन्हा वाढतात. तेव्हा जूनमधील आपल्या येथील मुक्कामात, पाकिटावर ‘फ्लश करता येते’ असे छापलेली ओली पुसणी भांड्यात टाकू नयेत, कारण ती कागदासारखी विरघळत नाहीत. उकळते पाणी ओतू नये, कारण भांडे तडकू शकते. आणि बादलीचा प्रयोग बाबांनी पाण्याची पातळी पाहूनच करावा.

कळावे, लोभ असावा.

ता.क. घरापासून मलवाहिनीपर्यंतचा पाइप बहुधा घरमालकाच्याच जबाबदारीचा असतो. तो बदलण्याच्या खर्चाचा आकडा बाबांनी विचारायचाच असेल, तर रक्तदाबाची गोळी घेऊन व खुर्चीवर बसून विचारावा.