मार्कवाले काका

फतेगंजात काकांना नावाने कोणी ओळखत नाही. ‘मार्कवाले काका’ म्हटलं की पेपरवालासुद्धा घर दाखवतो. त्यांच्या घरचं मेतकूट आणि लोणचं बडोद्यातल्या चार-पाच दुकानांत मिळतं. ब्रँडचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर पुढे गोलातला ‘आर’ टाकावा लागेल, तो संपादक खोडतील आणि नोटीस मला येईल.

मेतकूट काकू करतात. डाळी भाजणं, गिरणीतून दळून आणणं, पाकिटं भरणं, सगळं त्यांच्याकडे. काकांकडे फक्त नाव. ते मात्र डोळ्यांत तेल घालून राखतात.

सोमवार शंकराचा असं आपण समजतो. काकांचा सोमवार ट्रेडमार्क जर्नलचा. सरकार दर सोमवारी ते प्रसिद्ध करतं, आणि देशभरातून कोणी कुठलं नाव मागितलंय ते त्यात छापून येतं. एकूण वर्ग 45. लोणचं 29मध्ये बसतं, मेतकूट 30मध्ये; एकाच पानात वाढायचे दोन पदार्थ, पण फी दोनदा. जर्नलमध्ये नाव आलं की हरकत घ्यायला चार महिने मिळतात. ऑनलाइन अर्जाचे 2700 रुपये, तेही प्रत्येक वर्गाला. चार महिने संपले की हरकत घेता येत नाही. म्हणून काकांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टीच्या चौकटीशेजारी लाल पेनाने लिहिलेलं असतं : ‘इंदूरवाला, शेवटची तारीख’. पाहुण्यांना वाटतं, कुणाचं तरी देणं राहिलंय.

सरकारी संकेतस्थळावर नुसत्या उच्चारावरूनही नाव शोधता येतं. त्यासाठी काका स्वतःचंच नाव आधी गुजराती वळणाने, मग हिंदी, मग दात काढून ठेवलेल्या माणसासारखं मोठ्यांदा म्हणून बघतात. शेजारच्यांनी सुरुवातीला काळजीने चौकशी केली होती. आता ते खिडकी लावून घेतात.

संध्याकाळी गस्त. विद्यापीठाची पोरं खायला बाहेर पडतात त्याच वेळी काका निघतात, पण खायला नव्हे, पाट्या वाचायला. परवा एका चटणीवाल्याच्या डब्यावर त्यांना गोलातला आर दिसला.

“भाई, आ आर कोणे आप्यो?”

“ए तो प्रिंटवाळाए नाखी आप्यो, काका. सारुं लागे ने?”

नोंदणी झाल्याशिवाय ती खूण लावणं बेकायदा आहे आणि त्यासाठी दंड होऊ शकतो, हे काकांनी तिथेच उभ्या उभ्या समजावलं. ‘टीएम’ लिही, त्याला कोणाची मनाई नाही, असा फुकट सल्लाही दिला. चटणीवाल्याने घाबरून त्यांना एक डबा भेट दिला. काकांनी तो घेतला. पुरावा म्हणून.

कधी कधी मलाही बोलावणं येतं. दोन पाकिटं टेबलावर ठेवायची नाहीत, हा काकांचा नियम. एक दाखवायचं, काढून घ्यायचं, चहा पाजायचा आणि मग दुसरं पुढे करायचं. “गिऱ्हाईक काही दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून बघत नाही. कोर्ट बघतं ते साधारण बुद्धीच्या, अर्धवट आठवणीच्या माणसाच्या नजरेने,” ते म्हणाले आणि माझ्याकडे कौतुकाने बघत राहिले. “तुमच्यासारखा माणूस मिळणं कठीण.”

काकांचा अभिमानाचा विषय म्हणजे फाल्सिगो आणि फाल्सिटॅब. दोन्ही मलेरियाची औषधं, दोन्हींची नावं फाल्सिपेरम या परजीवीवरून, आणि दोन्ही कंपन्या कॅडिला या एकाच घरातून वेगळ्या झालेल्या. भांडण सुरू झालं ते आपल्या बडोद्याच्या कोर्टात. सुप्रीम कोर्टाने 2001 मध्ये, दोन नावं फसगत होण्याइतकी सारखी आहेत का हे कसं तपासायचं त्याच्या कसोट्या घालून दिल्या, आणि औषधांच्या बाबतीत जास्त कडक राहा असं बजावलं. काका हे सांगून थांबत नाहीत. “आजाऱ्याला मऊ भातावर काय घालतात? मेतकूटच ना? म्हणजे औषधच झालं ते!” हा मुद्दा अजून कुठल्याही वकिलाने घेतलेला नाही.

हसण्यावारी नेण्याजोगा माणूस, पण एका बाबतीत तो अगदी बरोबर आहे. नोंदणीचा कागद भिंतीवर लावला म्हणून बाजारात राखण करायला सरकार येत नाही; ती मालकानेच करायची. अमृतधारावाल्यांनी लक्ष्मणधाराला विरोध केला, तेव्हा सुप्रीम कोर्टाने 1962 मध्ये नावं फसगत होण्याइतकी सारखी आहेत हे मान्य केलं. तरीही लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण इतकी वर्षं तो माल उघड विकला जात असताना अमृतधारावाले गप्प होते. आजच्या कायद्यात तर मुदतच आहे : दुसऱ्याची नोंदणी झालेली खूण वापरात आहे हे माहीत असून सलग पाच वर्षं स्वस्थ बसलात, तर केवळ तुमचं नाव आधीचं म्हणून सहसा काही करता येत नाही.

अशा या काकांच्या घरातच घाव बसला. ब्रँडचं नाव म्हणजे घराण्याचं आडनाव, आणि मांजलपूरच्या पुतण्याने त्याच आडनावाने सेव-उसळीची गाडी टाकली. काकांनी रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली. पुतण्याही बडोद्याचाच, त्याने उलट टपाली कळवलं की स्वतःचं आडनाव प्रामाणिकपणे वापरायला कायदा आड येत नाही, आणि सेव-उसळीची गाडी 43व्या वर्गात मोडते. काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “पोरगं वाचतं हो!” आणि पुढच्या सोमवारी त्यांनी 43वा वर्गही वाचायला घेतला. त्यात पुतण्याचाच अर्ज निघाला, आणि काकांनी हरकत घेतली.

गणपतीत दोघं एकाच आरतीला उभे होते. प्रसादाच्या वेळी पुतण्याने काकांच्या पाया पडून लेखी उत्तराची प्रत दिली. काकांचा हरकतीचा अर्ज अहमदाबादच्या कार्यालयात अजून पडून आहे. सेव-उसळ रोज आठच्या आत संपते, आणि तिच्यावर घालायचा मसाला काकू करून देतात.