एक पाय, एक लाख

पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये भरा. अपघातात एक पाय कायमचा निकामी झाला तर 1 लाख, दोन्ही झाले तर 2 लाख. हिशेब चोख! पण ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या जयारोग्य रुग्णालयातून कुबडीवर निघालेला माणूस दावा घेऊन गेला, की खिडकीवरचे साहेब चष्म्यावरून बघणार, "चालत आलात ना? मग अपंगत्व कसलं?" सरपटत यायला हवं होतं! अशा वेळी हुज्जत नको. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. नकार आला किंवा महिनाभर उत्तरच नाही, तर वर्षाच्या आत भोपाळच्या विमा लोकपालांचं दार ठोठवा. फी नाही, वकील नाही. निवाडा मात्र कंपनीला बंधनकारक. तेव्हा नकार तोंडी ऐकू नका, लेखीच मागा.