वीणेचा पहारा आणि पुण्याचा भाचा

कढीपत्ता अजून घ्या हो माई, कुंपणाच्या अलीकडचा काय नि पलीकडचा काय! आणि परवा तुम्ही विचारत होतात ना, आमचा भाचा सुट्टीला आला तरी रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटरपुढं कसलं काम करत बसतो म्हणून? पगाराचं नाही ते. फुकटचं आहे.

"अगं बाई! नोकरी गेली का काय त्याची?"

काहीतरीच काय! हिंजवडीची नोकरी आहे की शाबूत. हे वरचं, हौसेचं. तुमच्या हातातल्या मोबाईलच्या पोटात लिनक्स आहे. 1991 साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या कॉलेजातल्या पोरानं ते हौसेखातर लिहायला घेतलं आणि सगळ्यांपुढं उघडं ठेवलं. वापरा, आत काय आहे ते बघा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवा. आता तिथं कंपन्यांची पगारी माणसंच जास्त राबतात, ते सोडा. पण बाकीचे कितीतरी लहान प्रोग्रॅम असे आहेत, की सगळं जग वापरतं आणि सांभाळायला एखाददुसरा माणूस, तोही बिनपगारी.

"मग काम वाटून कोण देतं? मुकादम कोण?"

मुकादम नाही आणि उचलही नाही! ज्याला खुपतं, त्यानं करायचं. आमच्या भाच्याला एका प्रोग्रॅममध्ये मराठीचा रफार भलत्याच अक्षरावर दिसला. यानं तक्रार केली. उत्तर आलं, बरं झालं सांगितलंस, आता दुरुस्तीही तूच पाठव. पाठवली, तर परत आली. हे असं का, ते तसं का, याची चाचणी कुठंय? दुरुस्ती चार ओळींची, नि खल पंधरवडाभर. जावईबापूंचे रुसवे परवडले! पण तपासणारा तिकडचा माणूसही दिवसभराची नोकरी उरकून रात्रीच बसलेला.

मराठी विकिपीडियाचं तेच. 1 मे 2003 पासून चाललाय. तिथं बोलायला चावडी आहे, नवख्यानं गिरवायला धूळपाटी आहे, तीच ती किरकोळ कामं करायला सांगकाम्या नावाचे प्रोग्रॅम आहेत. आणि प्रचालक आहेत, पगार शून्य. गावाच्या पानावर कुणी पुढाऱ्याची आरती लिहिली, की ती पुसायची आणि वर शिव्या खायच्या.

"आपल्या सप्त्यासारखंच म्हणा की."

अगदी बोललात. काल्याच्या पंगतीला अख्खं गाव, भाकरी घरोघरच्या, माइकवर नाव पुकारून घ्यायला तर रांग. पण पहाटे तीनच्या वीणेच्या पहाऱ्याला? तीच ठरलेली दोन म्हातारी माणसं. त्यांना कधी कुणी चहा तरी विचारला का?

आणि तिथंच घात होतो. ऐका, एक खरी गोष्ट. फाइली दाबून लहान करणारा 'एक्सझेड' म्हणून प्रोग्रॅम आहे. फिनलंडचाच लासे कॉलिन नावाचा माणूस वर्षानुवर्षं तो फुकट सांभाळत होता. दमला बिचारा. मन ठीक नाही, हे काम बिनपगारी आहे, असं त्यानं उघड सांगितलं. तरी अनोळखी माणसं मागं लागली, काम पुढं का सरकत नाही? दुसऱ्याच्या हाती दे! आणि नेमका 'जिया टॅन' नावाचा एक गुणी मदतनीस हजर. दोनेक वर्षं मन लावून काम केलं हो त्यानं! विश्वास बसला, किल्ल्या हाती आल्या, आणि 2024 मध्ये त्यानं आत चोरदरवाजा ठेवून दिला.

"देवा! मग?"

मग आंद्रेस फ्रॉइंड. मायक्रोसॉफ्टमधला इंजिनिअर. त्याला दिसलं, की दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायला रोजच्यापेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद, माई! आपल्याकडं वीज अर्धा दिवस गेली तरी आपण वर बघत नाही. त्यानं मुळाशी जाऊन खणलं, तर कारण हा चोरदरवाजाच निघाला, आणि 29 मार्चला त्यानं सगळ्यांना सांगितलं. तोवर चोरदरवाजा बहुतेक चाचणीच्याच आवृत्त्यांत पोचला होता, म्हणून निभावलं. आत बघायची सगळ्यांना मोकळीक होती, म्हणून त्याला खणता आलं. कंपनीच्या कुलपात असतं तर कसं दिसलं असतं? पण तोवर कुणी बघितलंच नव्हतं, हेही खरं. त्या जिया टॅनचा खरा चेहरा काही सापडला नाही.

म्हणून भाच्याला मी म्हटलं, नवीन काही लिहिण्याआधी दुसऱ्यांचं तपासायला बस. त्याला ते कंटाळवाणं वाटतं. वाटणारच, टाळ्या नाहीत ना त्यात!

बरं, तुमच्या नातीची परीक्षा संपली ना? तिला माझ्याकडं पाठवा. विकिपीडियावर आपल्या तिसगावचं पान उघडू, मढीचं, वृद्धेश्वराचं उघडू. फुगवलेलं दिसेल ते काढू, आधार नसेल तिथं आधार शोधू. आधी धूळपाटीवर गिरव म्हणावं, आणि नाव नोंदवून कर, म्हणजे तू काय बदललंस ते पानाच्या इतिहासात तुझ्या नावावर राहतं. पगाराचं तेवढं विचारू नका.